‘ती केसांची गोळी द्या’ म्हणण्याआधी

सोलापुरात गेली बावीस वर्षं मी मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे. कुठल्या औषधाचं नाव घेताना गिऱ्हाइकाचा आवाज खाली जातो, हे आता मला पाठ झालंय. अलीकडे त्या यादीत नवी भर पडली आहे. पोरगं पंचविशीचं असतं, डोक्यावर टोपी असते. दुकानात ओळखीचं कुणी नाही ना, हे आधी बघतं आणि मग मोबाईल माझ्यासमोर धरतं.

“अण्णा, ही केसांची एक पट्टी द्या की.”

“चिठ्ठी आहे?”

“चिठ्ठी कशाला ओ? केसांचीच तर आहे.”

“केसांचीच तर आहे” या तीन शब्दांतच सगळा घोळ आहे. डोक्याला लावलेलं तेल बहुतांशी डोक्यावरच राहतं. गोळी पोटात जाते, रक्तात उतरते आणि केसाच्या मुळाशी पोचेपर्यंत काळीज, यकृत, प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) अशा सगळ्यांच्या दारावरून फिरून येते. ती घ्यायला हरकत नाही. योग्य माणसाने, योग्य मात्रेत घेतली तर चांगली उपयोगी पडते, हे मी रोज बघतो. पण चिठ्ठीला लोक टोलनाक्याची पावती समजतात, तिथे माझी तक्रार आहे. केस नेमके कशाने जाताहेत, अंगात दुसरं काय दुखणं किंवा औषध चालू आहे, घरात कोण-कोण आहे, आणि ही गोळी वर्षानुवर्षं घ्यायची तयारी आहे का, एवढं विचारून झाल्यावर जे कागदावर उतरतं ती चिठ्ठी. या प्रश्नांशिवाय लिहिलेली चिठ्ठीही तशी कोरीच.

आधी शेत बघू

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केसाचं मूळ म्हणजे एक वाफा समजा. मंगळवेढ्याच्या शिवारात ज्वारी एकदम पेरली जाते आणि एकदम कापली जाते. डोक्यावर तसं नसतं. इथे प्रत्येक वाफ्याची पेरणी वेगळ्या दिवशी होते. एक केस २ ते ६ वर्षं वाढत राहतो, महिन्याला सुमारे १ सेंटीमीटर. मग वाढ थांबते, मूळ तीनेक महिने विश्रांती घेतं, जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा उगवतो. कुठल्याही दिवशी १०० पैकी ८५ ते ९० केस वाढीला लागलेले असतात, बाकीचे विश्रांतीत. म्हणून रोज ५० ते १०० केस कंगव्यात येणं हा आजार नाही, तो हंगाम आहे.

घोटाळा होतो तो सगळे वाफे एकदम पडीक झाले की. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, महिन्याभरात दहा किलो वजन उतरवायचा हट्ट, असा कुठलाही धक्का बसला की शरीर काटकसर करतं आणि भरपूर मुळांना एकाच वेळी विश्रांतीला पाठवतं. केस मात्र लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. त्यामुळे गणपतीत झालेल्या डेंग्यूचे केस दिवाळीनंतर न्हाणीघरात दिसतात, आणि माणूस दोष देतो नव्या शाम्पूला. यात मुळं शाबूत असतात. कारण दूर झालं की बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात. त्याला केसांची गोळी लागत नाही. थायरॉइड बिघडलं असेल किंवा अंगात लोह कमी असेल, तर उपचार त्याचा करायचा असतो.

जानेवारी २०२५ आठवतोय? इकडे सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी होती आणि तिकडे बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस दोन-चार दिवसांत हातात यायला लागल्याच्या बातम्या आल्या. आधी संशय पाण्यावर गेला. पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम हे मूलद्रव्य जास्त सापडल्याचं सांगितलं गेलं, आणि विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. त्या आठवड्यात माझ्याकडे तिघे-चौघे “आधीच सुरू करून ठेवतो” म्हणत केसांची गोळी मागायला आले. बाहेरून काहीतरी पोटात गेल्याने गळणारे केस आणि वाडवडिलांकडून आलेलं टक्कल यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

सुताचा काउंट

वाडवडिलांकडून आलेल्या टकलात काय होतं, हे सोलापूरच्या माणसाला सांगणं सोपं आहे. सुताचा काउंट जितका जास्त तितकं सूत बारीक, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. या टकलात माग बंद पडत नाहीत. माग तेवढेच असतात, चालूही असतात, पण दर फेरीला सूत बारीक होत जातं. आधी जाड काळाभोर केस द्यायचं ते मूळ पुढच्या खेपेला जरा बारीक देतं, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी बारीक आणि आखूड. कापडाचे धागे तितकेच असले तरी आरपार दिसायला लागतं. पुरुषांत कपाळाचे कोपरे मागे सरकतात आणि टाळू उघडी पडते, बायकांत भांग रुंदावतो. कंगव्यात केस फारसे न येताही हे होऊ शकतं. म्हणून “माझे केस गळत नाहीत, तरी विरळ कसे?” हा प्रश्न बरोबर असतो.

शेवटी मागच मोडीत निघतो. मूळ इतकं सुकतं की त्यातून काही येत नाही. गोळीचा उपयोग त्याच्या आधीचा आहे. दहा वर्षं गुळगुळीत असलेल्या टाळूवर गोळीने कुरळे केस येतील असं कुणी सांगत असेल, तर त्याच्या दुकानातून आधी बाहेर पडा.

पाण्याचं काय? हा आपल्या गावाचा आवडता आरोपी. नळाला काही दिवसांआड पाणी, मधल्या काळात बोअरचं, ते जड. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, हे खरं. पण कपाळाचे कोपरे पाण्याने मागे सरकत नाहीत. त्याच टाकीच्या पाण्याने मानेवरचे केस का जात नाहीत, हे एकदा स्वतःला विचारून बघा. हेल्मेट आणि टोपीही यात निर्दोष.

आणि चाई वेगळी. रुपयाएवढा गोल चट्टा एकदम पडतो, तिथली कातडी गुळगुळीत दिसते. तिथे शरीराची संरक्षण यंत्रणाच मुळांवर उलटलेली असते. तिच्या गंभीर प्रकारावर आता निराळ्या गोळ्या आहेत. बॅरिसिटिनिब हे औषध अमेरिकेत २०२२ मध्ये त्यासाठी मंजूर झालं. पण त्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात आणि सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करावी लागते. त्या फोटो दाखवून मागायच्या गोळ्या नव्हेत.

ज्वारी, गिरणी आणि पीठ

आता फिनास्टेराइड. “केसांची गोळी” म्हणून सगळ्यात जास्त मागतात ती हीच.

पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं. ती ज्वारी. शरीरातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, या ज्वारीचं पीठ करतं. ती गिरणी. आणि पीठ म्हणजे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, तोंडात मावत नाही म्हणून सगळे डीएचटी म्हणतात. आईच्या पोटात मुलाची जननेंद्रियं घडायला आणि वयात येताना दाढीमिशी फुटायला हे पीठ लागतं. पण पुढे कपाळ आणि टाळूवरच्या काही मुळांना तेच बाधतं, सूत बारीक होतं ते त्यानेच. कुणाच्या मुळांना बाधायचं हे आई आणि बाप दोन्हींकडच्या गुणसूत्रांवर ठरतं. फक्त आजोळचं बघून निष्कर्ष काढणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातल्या मुळांना ते बाधत नाही. म्हणून टकलाभोवती झालर उरते आणि केसरोपणासाठी केस तिथूनच घेतात.

ही गिरणी बंद पाडायची कल्पना आली कुठून, ती गोष्ट मला फार आवडते. १९७४ मध्ये डॉ. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉमिनिकन रिपब्लिक या बेटावरच्या देशातल्या एका खेड्याबद्दल लिहिलं. तिथली काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसायची आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषाची लक्षणं उमटायची. त्यांच्यात ती गिरणीच जन्मापासून नीट चालत नव्हती. मोठेपणी त्यांचं प्रोस्टेट लहान राहायचं आणि टक्कल पडायचं नाही. यावरून औषध कंपन्यांना वाटलं, की मोठ्या माणसातली गिरणी औषधाने बंद केली तर? त्यातून फिनास्टेराइड आलं. १९९२ मध्ये अमेरिकेत ५ मिलिग्रॅमची गोळी वाढलेल्या प्रोस्टेटसाठी मंजूर झाली आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची पुरुषांच्या टकलासाठी. औषध एकच, फरक फक्त मात्रेचा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे एका घरात लागणार आहे.

फिनास्टेराइड ज्वारी कमी करत नाही. टेस्टोस्टेरॉन जवळपास तेवढंच राहतं, उलट किंचित वाढतं. ते फक्त गिरणीचा पट्टा काढतं. रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरतं. पूर्ण थांबत नाही, कारण शरीरात गिरण्या दोन जातींच्या आहेत आणि हे मुख्यतः एकच बंद करतं. दोन्ही बंद करणारं औषध म्हणजे ड्युटास्टेराइड. टकलासाठी त्याला दक्षिण कोरियात २००९ मध्ये आणि जपानमध्ये २०१५ मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत ते अजूनही फक्त प्रोस्टेटसाठी मंजूर आहे. जोर जास्त, पण शरीरातून बाहेर पडायला महिने लागतात. काही त्रास झाला तर गोळी आज थांबवून तो उद्या थांबेल असं नाही. म्हणून “डायरेक्ट स्ट्राँगवालीच द्या” म्हणणाऱ्याला मी खुर्ची देतो आणि आधी बसवतो.

गुण किती येतो? मंजुरीच्या वेळच्या चाचण्यांत दोन वर्षांनी केस मोजले, तेव्हा फिनास्टेराइड घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के पुरुषांची केसांची संख्या टिकली किंवा वाढली होती. बिनऔषधाची दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. थोडक्यात, गोळीचं पहिलं काम आहे ते राखण्याचं. वाढ झाली तर ती वरकड कमाई. तीन महिन्यांत आरशात काही दिसत नाही. खरा हिशोब वर्षाने करायचा.

दुसरी गोळी मुळात बीपीची

मिनॉक्सिडिल लोकांना बाटलीतलं माहीत असतं. पण ते आधी गोळीच होतं. १९७९ मध्ये अमेरिकेत ते दुसऱ्या औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबासाठी आलं. ते घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालावर, हातांवर केस उगवायला लागले. तक्रार म्हणून नोंदवलेली गोष्ट कुणीतरी धंदा म्हणून वाचली, आणि १९८८ मध्ये डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल बाजारात आलं. आता काटा परत फिरलाय. त्वचारोगतज्ज्ञ पुन्हा गोळी देतात, पण फार कमी मात्रेत. रक्तदाबासाठी दिवसाला १० ते ४० मिलिग्रॅम लागायचं, केसांसाठी बहुधा पाव ते ५ मिलिग्रॅमच्या दरम्यान, बायकांना त्यातही खालच्या बाजूला. केसांसाठी गोळीला अमेरिकेतही अधिकृत मंजुरी नाही. डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर, अनुभव आणि अभ्यास बघून देतात. हे बेकायदेशीर नाही, वैद्यकात असं पुष्कळ चालतं. पण मग डोळा ठेवणारा डॉक्टर हवाच.

ही गोळी गिरणीच्या वाटेला जात नाही. ती रक्तवाहिन्या सैल करते आणि मुळांचा वाढीचा हंगाम लांबवते. हंगाम बदलताना विश्रांतीतले जुने केस भराभर पडतात, त्यामुळे पहिल्या महिना-दोन महिन्यांत गळती उलट वाढते. निम्मी माणसं इथेच घाबरून बंद करतात.

२०२१ मध्ये १,४०४ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १५ टक्के लोकांना नको तिथे केस आले. चक्कर, अंगावर सूज आणि धडधड हे प्रत्येकी १ ते २ टक्क्यांच्या आसपास होतं. कमी मात्रेत ही गोळी बहुतेकांना सोसते, एवढं यावरून म्हणता येतं. पण सोलापूरचा मे महिना त्या अभ्यासात नव्हता. पारा ४२-४३ वर, यंत्रमागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली दहा तास, घामाने अंगातलं पाणी आटलेलं, आणि त्यावर रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी. एकदम उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येणारच. ज्यांना आधीच बीपीची गोळी चालू आहे, हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं आहे, त्यांनी हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय या गोळीला हात लावू नये. एक गिऱ्हाईक माझ्याकडे सुजलेले घोटे घेऊन आलं. उभ्याचं काम, म्हणून पाय सुजतात, असं त्याला वाटत होतं. कुठूनतरी १० मिलिग्रॅमची गोळी आणून तो रोज अख्खी घेत होता. केस आले का, तर हो, आले होते. गालावरसुद्धा.

घोट्यांना सूज, आठवड्यात एकदम दोन-तीन किलो वजन वाढणं, छातीत दुखणं, दम लागणं यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

“पण चिठ्ठीशिवाय मिळते की!”

मिळते. खोटं कशाला बोलू? सुरुवातीच्या वर्षांत मीही दिली आहे. नेहमीचं गिऱ्हाईक, ओळखीचं घर, समोरच्या दुकानात मिळणारच होती, अशी सगळी कारणं माझ्याकडे होती.

कायदा साधा आहे. फिनास्टेराइड अनुसूची एचमधलं औषध आहे. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नाही, तशी सूचना पाकिटावरच छापलेली असते. डॉक्टरने पुन्हा द्यावं असं लिहिलं नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचं. दोन वर्षांपूर्वीचा मळका कागद म्हणजे आयुष्यभराचा पास नव्हे.

मोबाईलवरच्या सल्ल्याचं काय? दूरवरून डॉक्टरचा सल्ला घेणं मार्च २०२० च्या नियमावलीपासून रीतसर आहे, त्याला माझा विरोध नाही. अक्कलकोट किंवा बार्शीकडच्या खेड्यातून त्वचारोगतज्ज्ञापर्यंत येणं म्हणजे दिवसाची मजुरी जाते. फक्त समोर खरा डॉक्टर हवा, त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर हवा, आणि त्याने तुम्हाला काहीतरी विचारलेलं हवं. चार चौकोनांवर बोट लावलं आणि तीन महिन्यांचा डबा घरी आला, याला मी सल्ला म्हणत नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर आपल्या डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातल्या ‘सिव्हिल’च्या त्वचारोग विभागात केसपेपर काढा. रांग असते, पण तिथे टाळू हाताने उघडून बघतात.

आणि ती “शंभर टक्के हमी” देणारी तेलं, पावडरी? आपल्या औषध नियमांच्या अनुसूची जेमध्ये अशा दुखण्यांची यादी आहे, जी बरी करण्याचा दावा कुठल्याच औषधाने करायचा नाही. त्या यादीत टक्कल आहे. हमी दिसली की समजायचं, पहिला नियम जाहिरातीतच मोडलाय.

“नेटवर तर भलतंच वाचलं”

आता ज्या प्रश्नाने आवाज आणखी खाली जातो तो प्रश्न. फिनास्टेराइडच्या गोळीने पुरुषपणा जातो का?

मूळ चाचण्या १८ ते ४१ वयाच्या पुरुषांवर झाल्या. त्यात इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी येणं यांपैकी काहीतरी झालेले हजारांत ३८ निघाले. दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हजारांत २१. म्हणजे गोळीच्या खात्यावर हजारांत साधारण १७. गोळी बंद केल्यावर बहुतेकांचं पूर्ववत झालं. काही जणांनी मात्र गोळी थांबवून महिने, वर्षं उलटली तरी त्रास राहिल्याचं नोंदवलंय. तो गोळीमुळेच का, किती जणांना, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण तक्रार करणाऱ्याला “मनाचे खेळ” म्हणून हाकलणारा डॉक्टर भेटला तर दुसरा शोधा.

मनाचाही भाग असतो, हे तितकंच खरं. २००७ मध्ये इटलीतल्या एका अभ्यासात प्रोस्टेटच्या रुग्णांना ५ मिलिग्रॅम फिनास्टेराइड दिलं. निम्म्यांना असा त्रास होऊ शकतो असं आधी सांगितलं, निम्म्यांना नाही. सांगितलेल्यांत ४३.६ टक्क्यांनी त्रास सांगितला, न सांगितलेल्यांत १५.३ टक्क्यांनी. म्हणजे मी हा परिच्छेद लिहून तुमचा धोका थोडा वाढवलाच म्हणायचा. पण लपवून गोळी विकणं मला पटत नाही.

लैंगिक त्रासापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती मनःस्थितीची, कारण तिच्याबद्दल कुणी विचारतच नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या नियामकांनी केसांच्या फिनास्टेराइडच्या माहितीपत्रकात आत्महत्येचे विचार हा मुद्दा घालायला लावला. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने तपासणी करून तो दुष्परिणाम म्हणून मान्य केला. किती जणांना होतो हे उपलब्ध माहितीवरून ठरवता येत नाही, आणि गोळीचा फायदा तोट्यापेक्षा जास्तच आहे, असंही तिने सांगितलं. १ मिलिग्रॅमच्या पाकिटात रुग्णासाठी सूचनेचं कार्ड घालायचंही ठरलं. पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर गोळी सुरू करण्याआधी हे डॉक्टरांना सांगा. गोळी चालू असताना उदास वाटायला लागलं, झोप उडाली, जगणं नको वाटलं, तर गोळी तिथेच थांबवायची आणि डॉक्टरांना गाठायचं. आपण बदललोय हे स्वतःला उशिरा कळतं. म्हणून घरातल्या किमान एका माणसाला या गोळीची माहिती असू द्या.

“मग डोक्याला लावायचं फिनास्टेराइड घेतो, ते सेफ असेल.” ते थोडं तरी रक्तात उतरतंच. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या नियामकांनी ऑर्डरप्रमाणे बनवून विकल्या जाणाऱ्या अशा द्रावणांबद्दल इशारा दिला. २०१९ ते २०२४ या काळात त्यांच्याकडे अशा ३२ तक्रारी आल्या होत्या.

घरात कोण आहे?

एक घर. वडील सत्तरीचे, प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम फिनास्टेराइड माझ्याकडूनच न्यायचे. महिन्याची गोळी चोवीस दिवसांत संपायला लागली. विचारल्यावर कळलं, मुलगा त्यातली घेत होता. नेटवर वाचलं होतं, एका गोळीचे चार तुकडे केले की झालं. हिशोब त्याने बरोबर केला होता. स्वयंपाकघरातल्या सुरीने, ओट्यावर. आणि त्याची बायको चौथ्या महिन्यात होती.

ती डॉमिनिकन रिपब्लिकची मुलं आठवा. आईच्या पोटातल्या मुलग्याला ते पीठ लागतं. गर्भारपणात हे औषध आईच्या अंगात गेलं तर मुलाच्या जननेंद्रियांच्या घडणीत दोष येऊ शकतो. अख्ख्या गोळीवर आवरण असतं, ती हाताळल्याने काही होत नाही. तुटलेली, चुरा झालेली गोळी मात्र गर्भवतीने किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईने हाताळू नये. त्या सुनेच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, आणि बाळ पुढे ठणठणीत जन्मलं. पण मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याने केसांचा हिशोब केला होता, ओट्याचा केला नव्हता.

याच कारणाने फिनास्टेराइड चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर रक्तदान करू नये. ड्युटास्टेराइड असेल तर सहा महिने. शिवजयंती, आंबेडकर जयंतीला चौकाचौकात शिबिरं लागतात, मित्र हाताला धरून नेतात. ती पिशवी कुणा बाळंतिणीला किंवा गरोदर बाईला चढेल हे आपल्याला माहीत नसतं. तिथल्या डॉक्टरला गोळीचं नाव सांगा, ते ठरवतील.

आणि पन्नाशी गाठलेल्यांसाठी एक. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा अंदाज घ्यायला पीएसए नावाची रक्ततपासणी करतात. फिनास्टेराइडने तिचा आकडा जवळपास निम्मा होतो. गोळी चालू आहे हे डॉक्टरला ठाऊक नसेल, तर ४ दिसायला हवा तिथे २ दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. लॅबच्या कागदावर गोळीचं नाव लिहून घ्या.

ज्यांना मूल हवंय, त्यांनीही डॉक्टरांना हे सांगावं. काही जणांत शुक्राणूंची संख्या घटते, थांबवल्यावर सुधारते. छातीला गाठ लागली किंवा स्तनाग्रातून स्राव आला तर दाखवून घ्यावं. अठराच्या आतल्या पोरांना ही गोळी नाही, आई कितीही गयावया करो.

बायकांनी काय करायचं?

दिवस राहू शकतील अशा वयात फिनास्टेराइड नाही, एवढं पक्कं. बायकांच्या विरळ केसांमागे बऱ्याचदा लोहाची कमतरता, थायरॉइड किंवा पीसीओएस, म्हणजे पाळी बिघडवणारा संप्रेरकांचा दोष, असतो. आधी तपासण्या करायच्या. कमी मात्रेचं मिनॉक्सिडिल तज्ज्ञ देतात, पण ओठांवर, कानशिलांवर लव वाढू शकते, हे आधी माहीत असावं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना तेही नाही.

“बायोटिन तरी घेऊ का?”

बायोटिन हे एक जीवनसत्त्व. खरंच त्याची कमतरता असेल तर घ्या. ती क्वचित असते. शेंगाचटणी आणि भाकरी खाणाऱ्या गावात तर अगदीच क्वचित, असं माझं मत. पण या ‘निरुपद्रवी’ गोळीचा एक कावा आहे. जास्त मात्रेतलं बायोटिन काही रक्ततपासण्यांचे आकडे फिरवतं. थायरॉइडचे तर फिरवतंच, शिवाय हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिनचेही. अमेरिकेच्या नियामकांनी २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. म्हणजे केसांसाठी थायरॉइड तपासायला गेलात, तर केसांच्याच गोळीने रिपोर्ट चुकायचा. रक्त द्यायच्या आधी लॅबवाल्याला सांगा.

बंद केली तर?

गिरणीचा पट्टा पुन्हा चढतो आणि दळण सुरू होतं. फिनास्टेराइडने राखलेले केस साधारण वर्षभरात जातात. गोळी घेतलीच नसती तर आज जितके असते, तिथवर माणूस येऊन पोचतो. “सोडली की दुप्पट गळतात” हे खरं नाही, पण जे वाचवले होते ते एकत्र गेले की दुप्पटच वाटतं. मिनॉक्सिडिल सोडल्यावर तर काही महिन्यांतच कळतं. म्हणून लग्नाच्या फोटोपुरती सहा महिने घ्यायची हा बेत फसतो. मुलगी बघायला जायच्या आधी सुरू केली, तर गुण यायला लागेपर्यंत साखरपुडा उरकलेला असतो.

एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. रोज ठरलेल्या वेळी, जेवणाआधी किंवा नंतर, कसंही चालतं. काही विपरीत झालं तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय औषधांच्या दुष्परिणामांची सरकारी नोंद होते तिथे, १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर, तुम्ही स्वतःही कळवू शकता. मी दुकानात हा क्रमांक चिकटवून ठेवलाय. आजवर तो फार कुणी उतरवून घेतलेला नाही.

ते टोपीवालं पोरगं महिन्याने परत आलं. हातात चिठ्ठी होती. फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम, रोज एक, तीन महिने, मग दाखवणे. खाली एक ओळ होती : टाळूचे फोटो काढून ठेवा. मी पट्ट्या मोजून दिल्या, चिठ्ठीवर शिक्का मारला. ते जाईना. दुकानात कुणी नाही असं बघून त्याने टोपी काढली आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

“अण्णा, वरून एक काढा की. घरी अजून सांगितलं नाही.”

काढला. उजेड कमी होता म्हणून ट्यूबखाली उभं करून परत एक काढला.